सॅम्पलची डबी

१० मार्च, सोमवार
रात्रभर जुलाब. कारण उघड आहे. शुक्रवारी ऑफिसच्या लंचला क्लबमध्ये खाल्लेला मासा. घरचं बाधणं शक्यच नाही. मी चिकन सिंकमध्ये नळाखाली तीनदा खळखळून धुतो. इथले गोरे लोक पाकिटातून थेट भांड्यात टाकतात.
सावनीला, म्हणजे लेकीला, सातवा लागलाय. तीस तारखेला डोहाळजेवण आपल्याकडे, स्वयंपाक माझा. बाळंतपणालाही इथेच येणार. तोवर ठणठणीत व्हायचंच.

१२ मार्च
बायकोने, पद्माने, जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, ओढत नेलं. पोरगेलासा आहे. बॅक्टेरिया असावेत म्हणाला, पण स्टूल टेस्टशिवाय औषध देणार नाही म्हणे. एक चिमुकली डबी दिली, झाकणालाच चमचा. पुण्यात आमचे डॉक्टर चेहरा बघून गोळी द्यायचे.

१३ मार्च, सकाळ
एवढ्याशा डबीत कोणाला जमतं? श्रीखंडाचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन त्यातून नेलं. कलेक्शन सेंटरमधल्या मुलीने हातही लावला नाही. त्यांचीच डबी हवी. नियमांचा अतिरेक. तसंही आता बरं वाटतंय. टेस्ट कॅन्सल.

१६ मार्च, रविवार
सावनी आणि जावई शौनक जेवायला. पद्मा म्हणत होती, तुझं पोट धड नाही, बाहेरून मागवू. ऐकलं नाही. चिकन नेहमीसारखं धुतलं. बाजूलाच काकड्या ठेवल्या होत्या, त्यांची कोशिंबीर. रस्सा फर्मास. सावनीने कोशिंबीर दोनदा घेतली. म्हणाली, बाबा, तुझ्या हातचं जेवले की घरी आल्यासारखं वाटतं. मला भरून आलं. मध्ये दोनदा उठावं लागलं, कोणाच्या लक्षात आलं नाही.

१८ मार्च
ताप. पद्मा डबी हातात देऊन बाथरूमच्या दाराशी उभी राहिली. सॅम्पल दिलं. रिपोर्ट आला की क्लबच्या मॅनेजरची खैर नाही.

२० मार्च
सावनीला जुलाब, ताप. हॉस्पिटलमध्ये सलाईन लावलंय. मी शौनकला विचारलं, तिने बाहेर मासा खाल्ला होता का? तो म्हणाला, बाहेरचं ती महिनाभर खात नाहीये. मग त्याने फोन ठेवला. फार भीती वाटते.

२१ मार्च
जीपीचा फोन. कॅम्पायलोबॅक्टर नावाचा बॅक्टेरिया निघाला. बहुतेकदा कच्च्या चिकनमधून येतो म्हणाला. धुताना शिंतोडे उडतात, ओट्यावर, भाज्यांवर बसतात. मी समजावलं, मी तीनदा धुतो.  तो म्हणाला, त्यामुळेच.
संध्याकाळी शौनकचा मेसेज. सावनीच्या सॅम्पलमध्येही तेच. बाळाचे ठोके ठीक आहेत.

२५ मार्च
सावनी घरी आली. तिच्या घरी. डोहाळजेवण आता तिच्या सासूबाईंकडे, टूनगॅबीला. बाळंतपणही तिकडेच. मी फोन केला, म्हटलं, निदान पुरणपोळ्या करून आणतो. ती म्हणाली, no worries बाबा, तू नुसता ये. थोड्या दिवसांनी विचार बदलेल. बदलेलच.

३० मार्च, रविवार
टूनगॅबी. हिरव्या साडीत सावनी जरा वाळलेली वाटली. पोट मात्र छान दिसतंय. मला आता काही त्रास नाही. जीपीनेही तसं सांगितलंय, ते मी सगळ्यांना सांगितलं. लताताईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, एकेकाला घास भरवायला बोलावलं. माझी पाळी आली. विकतचाच पेढा होता. मी तुकडा तिच्या तोंडाशी नेला. तिने हसून तो हातात घेतला आणि ताटाच्या कडेला ठेवला.
आम्ही निघालो तेव्हाही तो तिथेच होता.