साधनाचा भोंगा

३ जानेवारी, सकाळी ७
नवीन वर्ष, नवीन धंदा. भाजीची गाडी बंद. बायको साधना गेल्यावर सहा महिने एकट्याने ढकलली, गिऱ्हाईक येतच नाही. दोष माझा नाही, अकोल्याच्या लोकांची चवच गेली. आता ऑनलाइन लिलाव. एकाने म्हणे आजोबांची कवळी विकली. मला तर डोकं आहे.

५ जानेवारी
पहिला आयटम: नाकवालं वांगं. हुबेहूब माणसाचं नाक. लिलाव सात दिवसांचा. बोली सुरू!

९ जानेवारी
वांगं सडलं. सिस्टीमच चुकीची. यापुढे फक्त टिकाऊ माल.

१० जानेवारी
टिकाऊ माल सापडला. गाडीवरचा भोंगा. त्यात साधनाने कोथिंबीर-मेथीची हाळी स्वतःच्या आवाजात भरलेली, ‘सांभार घ्या, मेथी घ्या, ताजी हाय वो माय!’ ती गेल्यापासून मी तो लावलेला नाही. उगाच बॅटरी संपते.
अमरावतीहून पोरीचा, करिश्माचा फोन. बाबा, भोंगा मले द्या म्हणे. नाही म्हटलं. लावून रडत बसेल. मी बघा, एकदाच रडलो. दसऱ्याला. तेही तापामुळे.

१३ जानेवारी
भोंगा लिलावात चढवला: ‘जुना, दुर्मिळ’. ‘रानफूल’ नावाचा कोणी लगेच बोली लावतो. नक्की परदेशातला संग्राहक.

१६ जानेवारी
भाव चढवायला मी दुसऱ्या नावाने बोली लावतोय. रानफूल मिनिटात वर जातो. असं वेडं गिऱ्हाईक नशिबाने मिळतं.

१९ जानेवारी
रानफूल जिंकला! स्वतः येऊन नेणार आहे.
माल धुतल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही, हा साधनाचा नियम. चिखलाचा मुळा दिला म्हणून तिने मला भर बाजारात झापलं होतं. म्हणून भोंगा चकचकीत पुसला. मोबाइलवाल्या श्यामकडून आतलं रेकॉर्डिंगही साफ करून घेतलं. काका, पक्कं ना, असं त्याने दोनदा विचारलं. म्हटलं, धंद्यात भावना नको. टेस्टिंगला माझा आवाज भरला. साधना खूश झाली असती.

२१ जानेवारी
रानफूल म्हणजे करिश्मा.
लिलावात तरी मले देसान म्हटलं, म्हणाली. बटण दाबलं. ‘हॅलो, हॅलो, चेक.’ पुन्हा दाबलं. पुन्हा मीच. आईचा आवाज कुठी हाय, बाबा? धुऊन दिला म्हटलं. ती भोंगा पोटाशी धरून बसली.
श्याम म्हणतो, परत येत नाही.
मला रडू आलं. ताप नव्हता.

२२ जानेवारी
लिलावाच्या साइटवर जाहिरात: ‘पाहिजे. अकोल्यात कोणी व्हिडिओ काढला असेल आणि मागे भाजीवालीचा आवाज आला असेल तर. सेकंदभर चालेल. भाव तुमचा.’ एवढं मोठं शहर. आठवड्यात मिळेल.

३० जानेवारी
कोणी नाही. मुदत वाढवली.

२ फेब्रुवारी
गाडी पुन्हा काढली. स्वतःच ओरडलो, ‘ताजी हाय वो माय!’ गल्लीतल्या दुर्गाबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, साधना अशी नवती म्हणत, ‘वो’ लंबा ओढे. मी ओढून पाहिला. जमला नाही. तुम्ही ओढून दाखवा म्हटलं. त्यांनी तीनदा ओढून पाहिलं. मग म्हणाल्या, नाही बा, तिलेच येत होतं.
मेथी घ्यायची दोघांनाही आठवण राहिली नाही.