वजीर नाकारायचा नसतो

१४ फेब्रुवारी १९११, मंगळवार

हरले! एकवीस चालींत हरले, आणि काय थाटात हरले! बुद्धिबळातल्या केलेमेन मास्तरांनी मला — मला, गल्ल्यावर बसून साखरेचे खडे मोजून देणाऱ्या बाईला — आधी एक हत्ती मारायला दिला आणि मग वजीर दिला! आख्खा वजीर! आणि उरलेल्या एका घोड्यानं नि एका उंटानं माझा राजा पटाच्या मध्यापर्यंत ओढत नेऊन तिथे मारला.

बर्फामुळे आज कॅफेत चिटपाखरू नव्हतं. मास्तर नेहमीसारखे खिडकीपाशी पट मांडून बसलेले, समोरची खुर्ची रिकामी. चार वाजले तरी कुणी येईना, तेव्हा ते येनोला म्हणाले, तूच बस. येनो हेडवेटर, इथला माझ्याहून जुना. तो म्हणाला, मला घोडा कसा चालतो तेसुद्धा येत नाही, पण इल्काबाई अकरा वर्षं गल्ल्यावरून बघतायत, त्यांना बसवा. मेल्यानं माझं गुपित असं चव्हाट्यावर मांडलं! मालक व्हिएन्नाला गेलेत म्हणून बरं. नाहीतर बाईमाणसानं बुद्धिबळाच्या टेबलाशी बसायचं म्हणजे — छे, विचारायलाच नको.

गल्ल्याच्या तीन पायऱ्या उतरले आणि बसले. दहा चालींनंतर मजा यायला लागली! डाव सुरू होता होता दातांचे डॉक्टर हायोश तेवढे आले. ते मेनूकार्डाच्या पाठीवर चाली उतरवून घेत होते.

सतराव्या चालीला मास्तरांनी वजीर माझ्या राजाच्या अगदी शेजारी नेऊन ठेवला. शह. आता आमच्या कॅफेची रीत अशी, की मास्तरांनी दिलेलं घ्यायचं. जो घेत नाही तो भित्रा, आणि येनो आठवडाभर त्याच्या कॉफीवर साय घालत नाही. मी घेतला. चार चालींत मात.

मास्तर उठले आणि त्यांनी माझ्या हाताचं चुंबन घेतलं. केवढं हे सुख! हरण्यात असं सुख असतं हे एक्केचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही मला.

१५ फेब्रुवारी

ट्राममध्ये सगळा डाव मनात परत खेळले. उतरायचा थांबा चुकला. परत उलट्या ट्राममध्ये बसले, परत खेळले, परत चुकला.

५ मार्च, रविवार

छापून आला! डॉक्टरांनी ते मेनूकार्ड वर्तमानपत्राकडे पाठवलं होतं. बुद्धिबळाच्या सदरात, मधोमध, आकृतीसकट! वर लिहिलंय — केलेमेन विरुद्ध एन. एन.

एन. एन. म्हणजे मी. बुद्धिबळवाल्यांची ही जुनी पद्धत. हौशी माणूस मास्तरांकडून देखणा मार खातो, तेव्हा त्याची लाज राखायला नावाऐवजी ही दोन अक्षरं घालतात. डॉक्टरांना वाटतंय त्यांनी माझ्यावर केवढे उपकार केले. मी त्यांच्या कॉफीबरोबर खडेच पाठवले नाहीत. प्या कडू!

माझी लाज कुणी राखायला सांगितली होती? त्या डावात निम्म्या चाली माझ्या आहेत की नाही?

२६ मार्च

व्हिएन्नाच्या पेपरात आला. बर्लिनच्या आला. आज प्रागहून एक गृहस्थ फक्त ती खुर्ची बघायला आले! त्यांनी खुर्चीला हात लावला, मान हलवली, आणि माझ्याकडून दोन खडे घेऊन गेले.

एन. एन. कोण यावर पैजा लागतायत. एक जण म्हणतो घोडदळातला कॅप्टन, दुसरा म्हणतो बँकेचा डायरेक्टर. आज तर ऐकलं की एक काउंट आहे, हरल्यावर देश सोडून गेला. मी वर बसून सगळं ऐकते. हसू दाबून दाबून बरगड्या दुखतात. येनो मला आता काउंटीणबाई म्हणतो.

मास्तरांचं तर रूपच पालटलंय. अठ्ठावन्न वय. वीस वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका मोठ्या स्पर्धेत दुसरे आले होते, तेव्हा स्टेशनावर बँड होता म्हणे. मग एकेक वर्ष एकेक पायरी खाली. गेली तीन वर्षं कुठून बोलावणंच नव्हतं. आता दोन शहरांहून पत्रं आली. नवी कॉलर घालून येतात. पन्नास स्पर्धांनी नाही दिलं ते माझ्या हरण्यानं दिलं त्यांना. आहे की नाही गंमत!

१७ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

सकाळपासून सणाच्या रीतीप्रमाणे कॅफेतले एकूण एक पुरुष येऊन माझ्यावर अत्तर शिंपडून गेले. अकरा प्रकारचे वास येतायत अंगाला, मांजरसुद्धा जवळ येईना. मास्तर शेवटी आले. डोक्यावर दोनच थेंब शिंपडले, सणाची चार ओळींची कविता म्हटली, मी त्यांना रंगवलेलं अंडं दिलं.

मग हळूच म्हणाले, लाइपझिगचे प्रकाशक त्यांचं पुस्तक काढतायत. आयुष्यातले पन्नास डाव. पहिल्या पानावर आपला.

माझ्या तोंडातून निघूनच गेलं, ‘मास्तर, माझं नाव घाला.’

‘बाई, हरणाऱ्याचं नाव झाकतात. मागून कुणी घेत नाही.’

‘मी मागतेय. पूर्ण नाव. बोद्नार इल्का.’

मग वही काढून त्यांनी नाव लिहून घेतलं.

आमच्या घराण्यात कुणाचं नाव छापलं गेलं असेल तर मृत्यूच्या बातमीत. माझ्या नवऱ्याचं तेही चुकीचं छापलं होतं. आणि माझं पुस्तकात येणार! जगातल्या सगळ्यात सुंदर डावाच्या डोक्यावर! पाय जमिनीवर ठरत नाहीयेत.

१८ एप्रिल

अजून ठरत नाहीत.

२ जून, शुक्रवार

काय करून बसले मी हे!

आज सुट्टी. खसखशीच्या शेवयांसाठी आधण ठेवलं होतं, शेजारी पट मांडलेला. रोज एकदा डाव मांडायचा हा आता माझा नेमच झालाय. सतराव्या चालीला आले. वजीर राजाच्या शेजारी. आणि सहज, अगदी सहज मनात आलं, समजा घेतलाच नाही तर?

राजा एक घर बाजूला सरकवला. फक्त एक घर.

मग मास्तरांच्या बाजूनं चाल शोधायला लागले. सापडेना. दुसरी शोधली. नाही. वजीर आत येऊन अडकलाय, हत्ती आधीच दिलेला, घोड्याला उडी मारायला जागा नाही. पाणी उतू जाऊन चूल विझली तेव्हा भानावर आले.

मी जिंकत होते. डाव सुंदर होता, पण चूक होता.

३ जून

पुन्हा तपासलं. सहा वेळा. जिंकते.

चार देशांच्या पेपरांत छापून आला, आणि एकाही शहाण्याला ही चाल दिसली नाही! का, तर वजीर दिला की घ्यायचा. फक्त आमच्याच कॅफेत नाही, सगळीकडे हीच रीत असणार. भित्रं म्हणवून घ्यायची हिंमत कुणालाच नाही. मलाही नव्हती.

हसू येतंय, आणि रडूही.

६ जून

येनोला सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. तो म्हणाला, तोंड शिवून टाक. म्हाताऱ्याच्या आयुष्यात आहे काय? ही एक मात. ती काढून घेतलीस तर पुस्तक बंद, बोलावणी बंद, नवी कॉलरही बंद. आणि तुझं नाव? डावच नाही तर नाव कुठे छापणार, मिठाईच्या पुड्यावर?

खरं आहे त्याचं. गप्प बसले तर दोघांचंही भलं. कुणाला कधी कळणार नाही.

पण उद्या एखाद्या शाळकरी पोरानं शोधून काढली ही चाल तर? पुस्तक छापून झाल्यावर? जगासमोर? मास्तरांना ते दुसऱ्याकडून कळलं, आणि मला आधीच माहीत होतं हेही कळलं तर? मग मी त्यांच्या तोंडाकडे कशी बघू?

८ जून, गुरुवार

सांगितलं.

दुपारी तीनला, कॅफे अर्धा रिकामा असताना. गल्ल्यावरून उतरले, पट मांडला, सतराव्या चालीपर्यंत आणला. मास्तर कौतुकानं बघत होते, वाटलं असेल बाईला आज परत हौस आली. मग मी राजा बाजूला सरकवला.

पंचवीस मिनिटं ते चाल शोधत राहिले. एकदा घोड्याकडे हात गेला, परत आला. एकदा उंटाकडे. कॉफीवरची साय खाली बसून गेली.

‘कधी सापडलं?’

‘शुक्रवारी.’

‘आणि कुणाला दाखवलंत?’

‘फक्त येनोला. त्याला घोडासुद्धा चालवता येत नाही.’

ते उठले आणि निघून गेले. हॅट खुंटीवर तशीच. येनो हॅट घेऊन मागे धावला, तर त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

९ जून

आले नाहीत.

१० जून

नाहीत. कुणी तरी त्यांच्या खुर्चीवर बसत होतं, मी वरूनच ओरडले. सगळा कॅफे बघायला लागला.

१३ जून

डॉक्टर घरी जाऊन आले. मास्तर दार उघडत नाहीत. आतून पटावर मोहरे ठेवल्याचा आवाज मात्र येतो म्हणे. निदान जिवंत आहेत.

माझ्या नावाची हाव नसती तर हे झालं नसतं. रोज पट मांडून आरशात बघितल्यासारखी त्या डावाकडे बघत बसले. बघता बघता फोडूनच ठेवला. मूर्ख बाई!

१७ जून, शनिवार

आले! दाढी वाढलेली, कॉलर जुनी, पण आले! सरळ गल्ल्यापाशी, भर गर्दीत, आणि मालक समोर उभे असताना म्हणाले, ‘उतरा बाई. डाव अर्धा राहिलाय.’

मी मालकांकडे बघितलं. ते आढ्याकडे बघत होते. उतरले.

मास्तरांनी स्वतः सतराव्या चालीपर्यंत मांडलं, वजीर माझ्या राजाच्या शेजारी ठेवला आणि हात मागे बांधून बसले. भोवती तीन रांगा. मी राजा बाजूला सरकवला. मागून कुणी तरी हसलं, कुणी तरी ‘भित्री’ म्हणालं. मास्तरांनी नुसती मान वर केली आणि सगळे गप्प.

नऊ दिवस त्यांनी ह्याच जागेवर डोकं फोडलं होतं, हे पहिल्याच चालीत कळलं. काय काय लावलं होतं त्यांनी! दोन ठिकाणी मी जवळजवळ बुडाले होते. घाम, अंगाला अक्षरशः घाम. चौदा चाली खेळलो. मग त्यांनी बोटाच्या टोकानं आपला राजा हळूच आडवा केला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काय करायचं हेच कुणाला कळेना.

‘फेब्रुवारीत का नाही खेळलात ही चाल?’ त्यांनी विचारलं.

‘तुम्ही दिलं होतंत, मास्तर. परत कसं करायचं?’

आणि ते हसायला लागले! खोकला येईपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मीही. मग येनो, त्याला काय झालंय हे ठाऊक नसताना. मास्तरांना हरवलं! मी!

१८ जून

मालकांनी बोलावलं. वाटलं, गेली नोकरी. म्हणाले, शनिवारी शनिवारी खेळत जा, गर्दी वाढते.

२ जुलै

पुस्तक छापखान्यात गेलं. येनोनं विचारलं, पहिला डाव कुठला घातलात? मास्तर म्हणाले, घातलाय एक. मी कशी विचारू? ती मात आता छापण्यासारखी राहिली नाही, म्हणजे माझं नावही गेलं. गेलं तर गेलं. मीच फुंकर मारून विझवलं.

पण निदान एन. एन. तरी ठेवलं असतं, तर त्या अक्षरांवर मी नखानं खूण करून ठेवली असती.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

पुस्तक आलं. पहिला डाव आमचाच. वर पूर्ण नाव, जाड टाइपात, बोद्नार इल्का. जिंकणाऱ्याच्या जागी.

सोळा चाली फेब्रुवारीतल्या. सतराव्या चालीला त्यांचा वजीर, माझा राजा बाजूला. पुढच्या चौदा चाली जूनमधल्या. मधे एक रेघसुद्धा नाही, एका बैठकीत खेळल्यासारखा. शेवटी छापलंय, पांढऱ्यानं डाव सोडला. खाली मास्तरांचं एकच वाक्य: माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर डाव.

ती मात कुठेच नाही. पन्नासच्या पन्नास डाव उलटून बघितले. त्यांनी ती स्वतःच्या हातानं काढून टाकली. मला तर हरणारी म्हणूनच नाव हवं होतं हो! गल्ल्यावर बसून रडले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तीनाऐवजी सात खडे दिले.