मी केलेली गोष्ट

प्रिय इनशा,

हे पत्र अरमानचे अझहरमामू तुझ्या हातात देतील. फोनवर माझं नाव बघून तू उचलणार नाहीस, आणि उचललास तरी माझ्याकडून बोलणं होणार नाही, म्हणून कागद घेतला. तू तळा गावच्या शाळेतली, मी रेवदंड्याच्या. दोघी मराठीतच शिकलो, ते आज उपयोगी पडतंय.

घरचं ठीक आहे. अरमानचे अब्बा ईदनंतर सौदीला परत गेले. रोज फोन करतात, जेवलीस का विचारतात, मी हो म्हणते. अरमानला जाऊन चौदा महिने झाले. लोक म्हणतात रडून घे, मन मोकळं होईल. मला रडू येत नाही. परवा पेज हातावर सांडली, ते खाली बघितल्यावर कळलं. चटका लागला होता, पण तो दुसऱ्या कुणाला तरी लागल्यासारखा.

एक सांगायचं आहे. ऑगस्टपासून मी एका वर्गाला जाते. एका संस्थेने बायकांसाठी काढलाय. मोबाईलवर बघायच्या, ऐकायच्या गोष्टी करायला शिकवतात. गोष्ट मधेच थांबवून बघणाऱ्याला विचारायचं, आता काय करू, आणि दोन बटणं द्यायची. तो जे दाबेल तिकडे गोष्ट जाते. शेजारची बायजा मला हाताला धरून घेऊन गेली. तिने कुठेही नेलं असतं तरी मी गेले असते. आम्ही नऊजणी आहोत. शिकवणारी प्राप्ती पेणची, तुझ्याच वयाची असेल. पहिले चार दिवस तिने लॅपटॉप उघडूच दिला नाही. कागदाच्या चिठ्ठ्या फरशीवर मांडायच्या, एकीपासून दुसरीपर्यंत दोरा ओढायचा, जिथे दोन दोरे फुटतात तिथे बटणं. आवाज भरायला मागची अडगळीची खोली आहे, बाहेरच्या रिक्षा ऐकू येऊ नयेत म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्यात. थळहून ठमी येते, मासे विकणारी. ती माऊसला हातच लावायची नाही, तर प्राप्ती दोन शनिवार नुसती तिच्या शेजारी बसून राहिली. आता ठमीच्या गोष्टीत एक बाई नवऱ्याच्या होडीवर जायचं म्हणते, आणि तिला न्यायचं की नाही ते आपण ठरवायचं. नाही म्हटलं की ठमीच्या आवाजात शिव्या ऐकू येतात. सगळ्याजणी हसतात. मीही तोंड हसल्यासारखं करते.

मी आधी आपल्या कोंबड्यांची गोष्ट केली. ती बरी झाली. मग प्राप्ती म्हणाली, आता आपल्या आयुष्यातला असा एक दिवस घ्या, जो दुसरीकडेही वळला असता. मी अरमान गेला तो शनिवार घेतला. नावं घातली नाहीत. सगळ्यांना जशी ठाऊक आहे तशीच गोष्ट लिहिली. मुलाची बायको माहेरी लग्नाला गेलेली, तिचा निरोप येतो, मुलगा मोटरसायकल काढतो, रोह्याच्या पुढे ट्रक. प्राप्तीने चिठ्ठ्या वाचल्या आणि हळूच विचारलं, "काकी, इथे तुम्ही लिहिलंय, चावी हातात दिली. कोणी दिली?" मी म्हटलं, चुकून लिहिलं गेलं. ठमी बाजूला होती. म्हणाली, "बाय, खरा लिव. मशीन कुनाला सांगाला जाणार न्हाय." तीन आठवडे मी वर्गाला गेलेच नाही. प्राप्ती दर बुधवारी फोन करायची, गोष्टीबद्दल अक्षर काढायची नाही, फक्त म्हणायची तुमची जागा ठेवली आहे. चौथ्या आठवड्यात मी गेले आणि लिहिलं.

मागच्या मंगळवारी सगळ्यांनी एकमेकींच्या गोष्टी चालवून बघितल्या. माझ्या गोष्टीत दोनच बटणं आहेत. आजच जा. उद्या जा. आठही जणींनी उद्या जा दाबलं. त्या वाटेवर मी फार काही लिहिलेलं नाही. सकाळ होते, तो रोह्याला चहा पितो, तळ्याला पोचतो, बायको म्हणते उशीर केलात. तिथे गोष्ट संपते. पुढचं मला सुचलं नाही. ठमीने ते बटण पुन्हा पुन्हा दाबलं.

मार्चमध्ये अलिबागला या गोष्टी लोकांना दाखवणार आहेत. मी अजून परवानगीची सही केलेली नाही. पण मी पत्र लिहिते आहे ते त्यासाठी नाही. अझहरमामू मागच्या महिन्यात तळ्याला तुमच्याकडे आले होते. तुझ्या अम्मीने त्यांना सांगितलं, आमची इनशा अजून म्हणते की मीच त्याला बोलावलं. मामूंकडून ते ऐकून मी उठून भांडी घासली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन चावी कोणी दिली ते लिहिलं. इनशा, चावी मी दिली. रविवारी माझ्या बहिणीकडची माणसं जेवायला यायची होती, घरात हाताखाली कुणी नव्हतं. अरमान म्हणाला, उद्या सकाळी आणतो तिला. मी म्हटलं, आजच जा, मला सकाळी ती चुलीपाशी हवी. तो चार वाजता निघाला. तुझा आवाजातला निरोप सव्वाचारला आला, करमत नाही इथे, पण उद्याच या, घाई नको. त्याने तो ऐकलाच नाही. तिसऱ्या दिवशी मी सगळ्या बिरादरीसमोर म्हटलं की बायकोच्या ओढीने माझा मुलगा गेला, आणि तुझे अब्बा तुला घेऊन गेले. चौथ्या दिवशी त्याचा फोन मी उघडला आणि तो निरोप ऐकला. तुझ्या फोनवर निरोप ऐकल्याची जी निळी खूण दिसते ती माझी आहे. तेव्हापासून मला सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. अरमानचा फोन पत्राबरोबर पाठवते आहे, निरोपाची वेळ बघून घे. येत्या रविवारी बहिणीकडची तीच माणसं घरी येणार आहेत, त्यांच्यासमोर मी हे बोलणार आहे. तू यावंस असं म्हणत नाही. तू त्याला बोलावलं नव्हतंस, एवढंच तुला सांगायचं राहिलं होतं.

तुझीच,
फिरोजा, अरमानची आई