वेदीचं कापड उन्हात वाळलं

साओ पावलो राज्य, १४ ऑगस्ट

प्रिय जेनोव्हेवाताई,

मरियामाता तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना बळ देवो.

"तुझं हृदय थकलंय, ऊसतोडीच्या दिवसांत तिथे राहू नकोस, घरी ये," असं तू लिहिलंस. ताई, मी नाताळात येईन, पण पळून येणार नाही.

काल चर्चच्या वेदीचं पांढरं कापड धुऊन टेकाडावरच्या दोरीवर वाळत घातलं. दुपारी उसावर करडा लोट दिसला आणि सवयीने टोपली घेऊन मी धावत सुटले. तोडणीआधी ऊस पेटवायचे तेव्हा काळी राख धुण्यावर पडायची आणि आमच्या छातीत बसायची, तुला ठाऊकच आहे.

शेजारची झुरेमा कुंपणातून ओरडली, "अगं झुल्मिरा, कुठे निघालीस? हवामान सांभाळायचा कायदा येऊन दोन हंगाम झाले, आता आग बंद! ती तोडणीच्या यंत्राची धूळ आहे."

मी ओशाळून हसले. मग तीच म्हणाली, "पण म्हातारे, तू चढावर पळालीस की!"

खरंच, ताई! पूर्वी ऑगस्टमध्ये, या धुराच्या दिवसांत, खाटेवरून खिडकीपर्यंत जायला मला दम लागायचा. परवा डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे, हृदयही शहाण्यासारखं चालतंय.

तोडणीचं काम यंत्राने घेतलं, म्हणून माझा मुलगा वाल्देमिर सध्या घरीच असतो. यंत्र चालवायला शिकतोय. त्याच्यासाठी प्रार्थना कर. तुझ्या शेळ्या कशा आहेत?

उद्या मरियामातेच्या सणाला ते कापड वेदीवर असेल, एकही डाग नसलेलं. मठाच्या शाळेत धावताना सापडलो की सिस्टर कोपऱ्यात उभं करायच्या, आठवतं? काल असत्या तर मी त्यांच्या हाती लागले नसते.

तुझी धाकटी,
झुल्मिरा