सूचीची चौकट

पेण, ४ फेब्रुवारी १९९६. रविवार, संध्याकाळ.

चौकट तिथेच का काढली मी?

वर्षभर जुन्या नकाशासंग्रहांतली पेण-रोह्याची पानं ट्रेसिंग पेपरवर उतरवली. कुणी कुठली गावं गाळली, ते एका मोठ्या नकाशावर रंगवून दाखवलं. निबंधात तावातावाने लिहिलं की, खाडीकाठच्या वाड्यांवर नकाशे काढणाऱ्यांनी खुशाल रंग-खुणांच्या सूचीची चौकट छापली, जणू तिथे कोणी राहतच नाही.

आज मिठागरात काम करणाऱ्या हिराबाई मीठ द्यायला आल्या. मी हौसेने भिंतीवरचा नकाशा दाखवला. खाडीच्या कडेने त्यांचं बोट फिरत आलं आणि माझ्याच सूचीच्या चौकटीवर थांबलं.

"आमची वाडी हितं पायजे ना, सर?"

"जागा पुरली नाही," मी म्हणालो. खोटं बोललो. चौकट वर डोंगरात सहज मावली असती. मला हाच कोपरा रिकामा वाटला.

"नाय मावली तर नाय मावली," त्या म्हणाल्या. "चौकट मातुर सरळ काढलीत."

याच निबंधासाठी वाड्यांची नावं विचारत फिरलो, तेव्हा दोनदा त्यांच्याच ओटीवर जेवलो होतो मी.