शाळेची पाहणी न कळवता करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
शाळा दुरुस्ती निधी समिती,
ग्वाल्हेर.

विषय: सूत गोदाम गल्ली, हजीरा येथील शासकीय प्राथमिक शाळेची तिसरी पाहणी आगाऊ सूचना न देता होण्याबाबत.
संदर्भ: आपले पत्र, ‘स्थिती समाधानकारक, निधीची गरज नाही’.

महोदय,

मी महिपतराव भोईटे, वय बहात्तर, गिरणीतला निवृत्त पहारेकरी. अक्षरे साठीनंतर शिकलो, याच शाळेच्या संध्याकाळच्या वर्गात. आपण मराठी वाचता असे कळले म्हणून मराठीत लिहीत आहे. चूकभूल पोटात घालावी.

शाळेच्या दोन खोल्यांच्या छताचा गिलावा पडतो, त्यांना कुलूप आहे. पाचही वर्ग तिसऱ्या खोलीत बसतात आणि तिच्याही छताला तडा गेला आहे. आम्ही दुरुस्तीसाठी अर्ज केला, आपण पाहणी ठेवली. पुढचे आमच्या हातून बिघडले.

आपले पाहणीचे साहेब येणार हे आधी कळले होते. आमच्या गल्लीत बहुतेक घरे मराठ्यांची. घरात काही नसले तरी पाहुण्याला ते दिसू द्यायचे नाही, ही आमच्याकडची रीत. छताखाली लग्नाच्या मांडवाचे कापड ताणून बांधले. गल्लीतल्या जयसिंहरावांकडची सागवानी खुर्ची आली. कुलूपबंद दारांवर पडदे सोडले, पुढे कुंड्या मांडल्या. श्रीखंड-पुरी झाली. साहेब म्हणाले, “काकाजी, ये तो प्राइवेट से अच्छा है!” आम्हीही खूश झालो. यंदा निधी कमी पडल्याने चांगल्या स्थितीतल्या शाळांची नावे आधी कापली, हे मागाहून समजले.

फेरपाहणी मागितली, ती आपण मान्य केलीत. या खेपेस काही झाकायचे नाही असे सर्वांनी ठरवले. मी सकाळपासून फाटकावर बसलो. कुंड्या परत पाठवल्या, जाजम परत पाठवले. साहेब मोटारीतून उतरत होते आणि शेजारच्या शालिनीताई खुर्ची घेऊन आल्या. मी अडवले. त्या म्हणाल्या, “भाऊजी, पाहुण्याला मोडक्या बाकावर बसवता? मग माझ्या दारात चहाला यायचं नाही.” साहेबांदेखत वाद कसा घालायचा? आत अंगावर माती पडते म्हणून त्यांना बाहेर ओसरीतच बसवले. मग फराळ आला. साहेब आत गेलेच नाहीत. निघताना त्यांनी विचारले, काही अडचण? मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, मी मास्तरांकडे. माझ्या तोंडून निघाले, “आपल्या कृपेने सर्व ठीक आहे.” तेच त्यांनी लिहिले. त्यात साहेबांचा दोष नाही.

आता वापरात एकच खोली म्हणून शिक्षण खाते ही शाळा एप्रिलपासून मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेला जोडणार आहे. माझी नात हर्षिता तिसरीत आहे. ट्रकांच्या रस्त्यातून पोरीला पाठवणार नाही, ती घरी बसेल, असे सूनबाईंनी स्पष्ट सांगितले आहे. गल्लीतल्या आणखी काही मुलींचेही असेच ठरत आहे.

तरी विनंती की, शाळा भरलेली असताना एकदा अचानक यावे. थेट आत जाऊन वर पाहावे. कोणी खुर्ची पुढे केली तरी बसू नये. आम्ही आग्रह करू, तो मानू नये. मी सर्व ठीक आहे असे म्हणालो तर ते लिहून घेऊ नये. येण्याचा दिवस मास्तरांना कळवू नये, आणि मलाही कळवू नये. कळले तर माझ्याने राहवणार नाही.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेला,
महिपतराव भोईटे
(सही)
हजीरा, ग्वाल्हेर
दि. ११ फेब्रुवारी २०२५

सोबत: पालकांच्या सह्या व अंगठे.