शाळेची घंटा मी का दिली

गुरुजी, आज जुम्म्याची नमाज पढून घरी आलो, तर मुलगी जेवणाच्या टेबलावर इतिहासाचं पुस्तक उघडून बसलेली. जुन्या जर्मनीचा धडा. मी विचारलं, एवढा मोठा राजा, दुबळा कसा झाला गं? मान वर न करता म्हणाली, "ही गेव्ह एव्हरीथिंग अवे, अब्बा." 

हा धडा तुम्ही आम्हाला सातवीत शिकवलात, पुस्तकात नसताना. मॉनिटर निवडायचा होता. मतांसाठी मी एकाला खडूची पेटी कबूल केली, दुसऱ्याला कपाटाची किल्ली, तिसऱ्याला शाळेची घंटा. निवडून आलो आणि आठवड्याभरात वर्गात माझं कोणी ऐकेना. तुम्ही दारात उभे आहात, हातात छडी नाही. "काय राजे, राज्य कुठं ठेवलंत?" सगळे हसतात. मग फळ्यावर वेडावाकडा जर्मनी काढता. तिथं राजाला मोठे सरदारच निवडत. आपण निवडून यावं, पुढं मुलाला गादी मिळावी, म्हणून तो कोणाला जकात वसूल करायला देई, कोणाला नाणी पाडायचा हक्क, कोणाला न्यायनिवाडा. "शेवटी डोक्यावर मुकुट उरला. तो कोणी मागितलाच नाही."

इथं परमुलखात, बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होताना मी फोरमन लोकांशी तोच सौदा केला. त्यांनी साहेबापुढं माझ्या नावाला हो म्हणायचं. मजुरांच्या ड्युटी, खोल्या, रजा त्यांनी बघायच्या. काल साताऱ्याकडचा एक गवंडी आला. गावी आई अंथरुणाला खिळलेली, काही खरं नाही म्हणतात. फोरमनने त्याचा अर्ज परत केला होता, स्लॅबचं काम आहे म्हणून. मी फोरमनशी बोलायला गेलो. तो हसला. "छुट्टी मेरा मामला है, भाईजान. आपनेच तो दिया था. खलास." गवंडी माझ्या तोंडाकडे बघत उभा. मी म्हणालो, "इन्शाल्ला, बघू." अल्लाचं नाव पळवाटेसारखं वापरलं. तेव्हापासून जिवाला थारा नाही. नमाजाआधी हातपाय धुवायचा वुजू तीनदा केला, चहा दोनदा गार झाला.

तुम्हाला वाटलं, घंटा मी मतासाठी दिली. खरं सांगतो, गुरुजी. शाळा उशिरा सुटली की बोलणी घंटा वाजवणाऱ्याला बसत, म्हणून दिली. रजेचंही तसंच. नाही म्हणायचं ओझं दुसऱ्याच्या माथी गेलं, याचं मला बरंच वाटलं होतं.

असरची, दुपारनंतरची नमाज झाली. गवंड्याच्या अर्जावर मी सही केली आहे. फोरमनला अजून सांगितलेलं नाही.